ओ देण्याआधी

कान तपासायचं काम शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावून सांगतात, ती म्हणजे आवाज कधीही तालात सोडायचा नाही. जाड फोम लावलेल्या भिंतींच्या त्या छोट्या बंद खोलीत, काचेपलीकडे, कुणीतरी हेडफोन लावून बसलेलं असतं, त्याच्या हातात एक बटण दिलेलं असतं, आणि आवाज ऐकू आला की ते दाबायचं एवढंच त्याचं काम असतं. पण तपासणाऱ्याने कंटाळून किंवा सवयीने आवाज एका लयीत सोडले, तर जरा वेळातच समोरच्याचा मेंदू पुढचा आवाज कधी येणार हे ताडतो, आणि मग कानाला काही ऐकू येवो न येवो, अंगठा आपला बरोबर वेळेवर बटण दाबून मोकळा होतो. गंमत म्हणजे तो माणूस खोटं बोलत नसतो. आपल्याला ऐकू आलं, असं तो शपथेवर सांगेल.

टूंटूंमावशी हे सगळं कोळून प्यायली होती. यंत्रातून निघणाऱ्या आवाजावरून दवाखान्यात येणाऱ्या पोरांनी तिला हे नाव दिलं, पुढे मोठी माणसंही तिला मावशी म्हणायला लागली, आणि आपलं मूळ नाव कुणी घेतलं तर ती स्वतःच क्षणभर मागे वळून बघायची. म्हातारी माणसं तिची विशेष लाडकी. ऐकू कमी येतं हे कबूल करणं त्यांच्या अगदी जिवावर येतं, म्हणून ती बिचारी अंदाजाने बटणं दाबत सुटतात. असं कुणी आलं की मावशी आवाज सोडतच नसे. हात मांडीवर ठेवून गप्प बसे, आणि काचेपलीकडे एखादे आजोबा मोठ्या ऐटीत शांततेला दाद देत राहत. याला त्यांच्या कामात खोटं उत्तर म्हणतात. मावशीला तो शब्द फार कठोर वाटे. ती माइक तोंडाशी घेऊन हळूच म्हणे, "आजोबा, घाई नाही काही. आधी येऊ दे, मग दाबा."

कामावर लय वर्ज्य होती म्हणून की काय, घरी मात्र तिने ती मनसोक्त बसवून घेतली होती. नवऱ्याचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. लोकांचे डोळे एकाने सांभाळायचे, कान दुसरीने, आणि नाक खुपसायचं काम शेजाऱ्यांकडे सोपवलंय, असं तो नव्या गिऱ्हाइकांना हमखास सांगायचा. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला लागल्यापासून घरात दोघंच उरली होती, आणि दोघांचंही एकमेकांवाचून पान हलत नव्हतं. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा कुलूप जुनं असल्यामुळे किल्ली एकदा अडायची आणि मग फिरायची, एक बूट पडायचा, बऱ्याच वेळाने दुसरा पडायचा, मग एक खोकला, आणि मग "अगं, आलो." ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "चहा ठेवलाय." तो म्हणायचा, "बरं बरं." मग नळ सुटायचा. तोंड पुसत तो आत आला की ती विचारायची, "गर्दी होती का आज?" आणि दुकानात माणूस मावला नसो की माशी फिरकली नसो, तो म्हणायचा, "होती थोडी." वर्षानुवर्षं हे असंच चालू होतं, आणि दोघांनाही त्याचा कंटाळा असा कधी आला नाही. सुखी माणसांच्या घरात बोलणं थोडंच असतं, आणि तेही बहुतेक ठरलेलं असतं.

नाही म्हणायला एक काळजी तिच्या मनाला होती. मागे एकदा दुकानातून येताना त्याला जिन्यातच भोवळ आली होती. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून घरी पाठवलं. तो विसरूनही गेला. पण तेव्हापासून दिवस कलायला लागला की मावशीचे कान आपोआप जिन्याकडे लागायचे, आणि किल्ली फिरल्याशिवाय तिच्या जिवात जीव येत नसे.

एका संध्याकाळी ती ओट्यापाशी काकडी सोलत उभी होती. किल्ली अडली, फिरली, बूट पडले, खोकला झाला, "अगं, आलो" झालं. "चहा ठेवलाय," ती म्हणाली आणि भांड्यात पाणी ओतलं. नळाचा आवाज आला नाही म्हणून ती हात पुसत बाहेर डोकावली, तर दार बंद होतं, दाराजवळचा दिवा लावलेला नव्हता आणि बुटांची जागा रिकामी होती. तिला आपलंच हसू आलं. इतकी वर्षं लोकांची खोटी उत्तरं पकडली, आज आपलंच सापडलं! चहाला उकळी फुटत होती तेव्हा पुन्हा किल्ली अडली, पुन्हा फिरली, आणि या खेपेस नवरा खरोखरच आला.

"वा! आज चहा तयार?" तो म्हणाला. "तुला वास येतो की काय माझा?"

"येतो तर. आंघोळ करत जा जरा नीट," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही तसंच. आधी नुसते आवाज यायचे, आणि थोड्या वेळाने त्याच आवाजांना धरून नवरा यायचा. ती पहिल्या आवाजाला आधण ठेवू लागली आणि दुसऱ्या आवाजाला चहा गाळू लागली, आणि नवरा आपल्या बायकोच्या या नव्या कसबाचं शेजारीपाजारी कौतुक सांगत सुटला. एकूण सगळ्यांचं छान चाललं होतं.

तरी तिने एकदा डॉक्टरबाईंच्या कानावर घातलंच. दवाखाना त्यांचा, वयाने त्या मावशीहून लहान, पण तिच्याशी सगळं मोकळेपणाने बोलणाऱ्या.

"त्यात घाबरण्यासारखं काही नाही हो मावशी," त्या म्हणाल्या. "मेंदू काय नुसता ऐकत बसलेला असतो? तो सारखा पुढचं मांडत असतो, आणि कानाकडून फक्त बरोबर की चूक एवढंच विचारून घेतो. डोक्याला तारा लावून आपण बघतो ना, ठक ठक ठक चाललेलं असताना मधलाच एक ठोका गाळला, तर न वाजलेल्या त्या ठोक्यालाही मेंदू दचकतो. तुमचे हे इतके ठरल्यासारखे वागतात, की मेंदूने कानाला विचारणंच सोडून दिलं असेल."

"म्हणजे दोष त्यांचाच."

"नवऱ्याचाच असतो," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि पुढचा रुग्ण अजून आला नव्हता म्हणून तिला बंद खोलीत बसवून त्यांनी तिचे कान तपासले. मावशी डोळे मिटून बसली आणि टूं आलं की बटण दाबत गेली. बाहेर आली तर डॉक्टरबाई आलेखाकडे बघून हसत होत्या. कान तरुण मुलीसारखे होते. फक्त प्रत्येक वेळी बटण आधी दाबलं गेलं होतं आणि आवाज मागाहून सुटला होता. त्यांनी मुद्दाम आवाज वेडेवाकडे सोडले होते, कधी लागोपाठ, कधी खूप थांबून, तरीही.

"काचेतून माझा हात बघत होतात ना? लबाड आहात," त्या म्हणाल्या.

"बघत होते," मावशी म्हणाली. डोळे मिटले होते हे सांगून बाईंच्या डोक्याला ताप कशाला द्या, असा विचार तिने केला.

हळूहळू आधीचा आवाज आणखी आधी येऊ लागला. आधी संध्याकाळ होता होता येत असे तो उन्हं उतरायच्या वेळेला येऊ लागला, मग दुपारच्या जेवणानंतर. एका सुट्टीच्या दिवशी नवरा जेवणाच्या टेबलाशी बसून एका चष्म्याच्या दांडीत बारीकसा स्क्रू बसवत होता, ती समोर कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि दाराकडून किल्ली अडल्याचा आवाज आला. बूट पडले. समोर बसलेल्या नवऱ्याने मान वर केली नाही. त्याची जीभ एकाग्रतेने दातांत धरलेली होती. आणि दाराकडून त्याचाच आवाज आला, "अगं, आलो," आणि मागे स्वयंपाकघरातून तिचा स्वतःचा, "चहा ठेवलाय."

घडी तिच्या हातात तशीच राहिली. आवाज पुढे चालूच होते. नळ सुटला, बंद झाला, "गर्दी होती का" झालं, "होती थोडी" झालं, आणि मग त्याचा आवाज तिच्या आवाजाला सांगू लागला की एक लांबलचक गृहस्थ नवा चष्मा खुर्चीवर ठेवून, जुना शोधत, त्याच खुर्चीवर बसले. दोन्ही आवाज हसले. टेबलाशी बसलेल्या नवऱ्याने स्क्रू बसवला आणि दांडी उघडझाप करून बघितली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला, तोंड पुसत आत आला, आणि म्हणाला, "अगं, आज एक लांबलचक गृहस्थ आले होते..."

दुसरी कुणी असती तर हबकली असती. मावशीही हबकली, नाही असं नाही, पण रात्रभरच. सकाळी चहाचा पहिला घोट घेताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला घबाड मिळालं आहे. उद्या नवरा सुखरूप घरी पोचतो, हे आपल्याला आजच कळतं! दुपारी, दवाखान्यातून जेवायला घरी आली की, ती दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ बसून उद्याची संध्याकाळ ऐकायची आणि निर्धास्त मनाने कामावर परत जायची. जिन्याकडे कान लावून बसणं संपलं, छातीतली ती रोजची धडधड संपली. ती थोडी जाडही झाली. नवऱ्याला तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो मुद्दाम चाळे करील, शिट्टी वाजवत येईल, आणि चांगल्या चाललेल्या गोष्टीचा विचका होईल, अशी तिला खात्री होती. असे कितीतरी महिने गेले, आणि खरं सांगायचं तर तिच्या आयुष्यातले ते सगळ्यांत निवांत महिने होते.

मग एका दुपारी ती अशीच बसली होती. किल्ली अडली आणि फिरली, एक बूट पडला, दुसरा पडला, खोकला झाला. "अगं, आलो."

पुढे काही नाही. आणि मग, "बरं बरं."

मावशीला वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं. नळ सुटला, बंद झाला. ती उठून उभी राहिली आणि श्वास रोखून ऐकू लागली. पुन्हा तेवढीच शांतता, "गर्दी होती का आज" म्हणायला लागते तेवढीच. "होती थोडी," नवऱ्याचा आवाज म्हणाला. पुन्हा शांतता. "नको, उद्या बघू," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, दमलेला आणि समाधानी. तिचा आवाज मात्र त्या सगळ्यात कुठेच नव्हता.

उद्या आपण या घरात नसू, आणि ह्यांना ते कळलेलंसुद्धा नसेल. ते रिकाम्या घराशी बोलत फिरतील, बरं बरं म्हणतील, आणि कुणी त्यांना सांगायला असणार नाही. मरणाचं तिला तेवढं वाटलं नाही जेवढं त्या "बरं बरं"चं वाटलं. पुढचं ऐकायची तिची छाती झाली नाही. चपला पायांत अडकवून ती घराबाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या बागेत, घसरगुंडीवरच्या पोरांकडे बघत, उन्हं जाईपर्यंत बसून राहिली.

त्या संध्याकाळी नवरा आला तेव्हा ती नको तितकं बोलली. दवाखान्यातलं सांगितलं, मुलीचं सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदा भाड्याने घेतलेल्या खोलीचं सांगितलं, जिथे नळाला पाणी आलं की ती दोघं भांडी घेऊन धावत सुटायची. तो टेबलावर हात टेकून कौतुकाने ऐकत होता. "आज स्वारी फारच खुशीत आहे," तो म्हणाला. ती खुशीत नव्हती. तिला त्याच्याजवळून उठावंसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने रजा काढली. काय वाटेल ते होवो, संध्याकाळी आपण या घरात असणार आणि त्यांच्या हाकेला ओ देणार, एवढं तिने ठरवून टाकलं होतं. ती जिना उतरली नाही, स्टुलावर चढली नाही, ओल्या फरशीवरून भिंत धरून चालली. सकाळपासून ती मोठमोठ्याने बोलून बघत होती. भांड्यांची नावं घेत होती, रेडिओवरच्या बातम्या निवेदकाच्या मागोमाग म्हणत होती. मुलीला फोन लावला आणि विचारलं, "माझा आवाज येतोय ना नीट?"

"येतोय की. ओरडतेयस कशाला आई?" मुलगी म्हणाली. "बरी आहेस ना?"

"बरी आहे ग. उगीच," मावशी म्हणाली, आणि मुलीला हवापाणी विचारलं, जेवणखाण विचारलं, आणखी एकदा तिच्या तोंडून "आई" ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

दुपारी ती उद्याचं काही ऐकायला बसली नाही. खुर्ची ओढून तिने दाराच्या समोरच मांडली आणि तिथे बसून राहिली. दिवस सरकत होता तशी तिला हिंमत येत गेली. हात हलत होते, पाय हलत होते, डोकं ठिकाणावर होतं. चहा आज ठेवायचा नाही, तिने ठरवलं, आणि रोजचं ते वाक्यही म्हणायचं नाही, आज म्हणायचं, "या, तुमचीच वाट बघत होते." हे नुसतं मनात म्हणूनही तिला लाजल्यासारखं झालं, आणि बरं वाटलं.

जिन्यात पावलं वाजली. किल्ली अडली, फिरली आणि नवरा आत आला. तिला समोर बसलेली बघून त्याचा चेहरा खुलला. भिंतीला हात टेकून त्याने एक बूट काढला, मग दुसरा, मग खोकला.

"अगं, आलो."

तिने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"बरं बरं," तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून तोंड धुवायला आत गेला.

नळ सुटला, बंद झाला. टॉवेलने तोंड पुसत तो बाहेर आला, तिच्याकडे बघत थोडा थांबला, बरोबर तेवढाच, आणि म्हणाला, "होती थोडी." त्याच्या नजरेत रोजचीच माया होती. तो तिच्याकडेच बघत होता, तिच्या तोंडाकडे, आणि तिचे ओठ मिटलेले होते. बोलायचं आहे हे कळत होतं, पण काय आणि कुठे बोलावं ते सुधरत नव्हतं. काचेपलीकडच्या आजोबांसारखा तो किंचित पुढे वाकून, तिने न बोललेलं काहीतरी ऐकत होता. मग त्याने मान हलवली.

"नको, उद्या बघू," तो म्हणाला.

इथपर्यंत तिने काल ऐकलं होतं. यापुढचं तिला ठाऊक नव्हतं, आणि त्यानेच तिला धीर आला. ती उठली आणि त्याच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेली. तो स्वतःच चहाचं आधण ठेवत होता, तिला बसायची खूण करत होता. चहा झाला, त्याने दोन कपांत ओतला, एक तिच्यापुढे सरकवला आणि समोर बसला.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज स्पष्ट होता. बशीतला कपसुद्धा त्याने किंचित वाजला. "मला फार भीती वाटतेय. मी इथे बसलेय तुमच्यासमोर, पण तुम्ही माझ्याशी बोलत नाही आहात. मी काहीच विचारलं नव्हतं मघाशी. गर्दीचं नाही, कशाचंच नाही. तुम्हाला माझं ऐकू येतंय का? एकदा सांगा. नुसती मान हलवली तरी चालेल."

चष्मा कपाळावर सरकवून तो लक्ष देऊन ऐकत होता. ती थांबली तरी तो थोडा वेळ ऐकतच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले, हसू आवरेना तसा त्याने टेबलावर हात आपटला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसत सुटला. इतक्या वर्षांत तिच्या कुठल्याही बोलण्यावर तो इतकं मनापासून हसला नव्हता.

"अगं, तुला सुचतं तरी कसं!" डोळे पुसत तो म्हणाला. तिने दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून धरले होते. त्याने चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.

"बरं, मग पुढे?" असं म्हणून तो ऐकू लागला.